कोऱ्या खादीचं गाळणं

७ डिसेंबर १९५७

शेडमध्ये पेट्रोलचा वास! पुंजारामनं सकाळी टाकीत थोडं ओतून पाहिलं, तर दुपारपर्यंत पंपाखालची माती काळी झाली. पंपाचा पडदा फाटलाय, नळ्यांना चिरा पडल्यात. दोन वर्षं मोटार उभी आहे ती यापायीच. "शेटजी, ही पेट्रोल पिऊन न्हाई राह्यली, थुकून राह्यली," म्हणतो पुंजाराम. तो आमच्या कापडाच्या दुकानातला हमाल, आणि मोटार चालायची तेव्हा ड्रायव्हर. त्याआधी मेंढरं राखायचा. मोटारीशीही तसाच बोलतो.

गळती बघून मला बरं वाटलं. हे इथं लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. गळती जेवढी मोठी, तेवढी संतोष माझी!

कार्तिकी पौर्णिमेला महासतीजींनी, म्हणजे साध्वींनी, चातुर्मास संपवून मंठ्यातून पायी विहार केला. निघण्याआधी भरल्या जैन स्थानकात मोठ्या महासतीजींनी विचारलं – संतोषबाईंचा दीक्षेचा भाव आहे, पतीची आज्ञा आहे का? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बायकोनं साध्वी व्हायचं तर नवऱ्यानं तोंडानं 'आज्ञा आहे' म्हणावं लागतं. त्याशिवाय दीक्षा नाही. 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "ज्या मोटारीतून नवरी होऊन आली, त्याच मोटारीतून मी स्वतः दीक्षेला जालन्याला पोचवीन. मोटार सुरू होऊ द्या, त्या दिवशी आज्ञा!"

लोक वाहवा करायला लागले. सुरजमलचा त्याग! मी मनात हसत होतो. परदेशी मोटार, सुटे भाग येणं बंद, दोन वर्षांत मिळाले नाहीत ते आता कुठून मिळणार? संतोषनं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आता तीच मान रोज आठवते. म्हणून पुंजारामला म्हटलं, चल, उघडू तरी. शब्द दिलाय, निदान हात लावल्यासारखं दिसलं पाहिजे.

९ डिसेंबर

आई आज पुन्हा रडल्या. म्हणे, "सात वर्षं माझ्या हाताखाली राबली पोर, एक शब्द वाकडा न्हाई. आसं काय कमी पडलं रे?"

मला तरी कुठं ठाऊक आहे! लोक कारण शोधतात. मूल नाही म्हणून? ते दुःख तिनं कधी उगाळलं नाही. मी वाईट वागलो? तसंही नाही. मी खोदून विचारलं तर म्हणते, "काहीच झालं न्हाई. मला हे बराबर वाटतं, एवढंच." भांडायला एखादं कारण तरी द्यायचं!

१५ डिसेंबर

पंप उतरवला. रविवार, दुकानाचं काम कमी. पंप म्हणजे मुठीएवढं ओतीव भांडं, मधोमध पडदा. इंजिन फिरलं की पडदा खालीवर होतो, मागच्या टाकीतलं पेट्रोल नळीतून ओढतो आणि पुढं ढकलतो. पडद्याला बोटभर भोक. हातात घेतला तर वाळल्या पानासारखा चुरला.

संतोष सामायिकाची ध्यानबैठक आटोपून डाळ निवडायला शेडच्या दाराशी आली. कोपऱ्यात सरकीचं रिकामं पोतं पडलं होतं. पुंजारामला म्हणाली, "हे तुमचं पोतं का? बसू का यावर?"

"पोतं सरकीचं, शेड शेटजीची. मंग मी कोण व्हो म्हणायला?"

पण तो 'बसा' म्हणेपर्यंत ती उभीच! न दिलेलं घ्यायचं नाही, हे व्रत आमच्यात सगळेच ऐकतात. ती पाळते. शेजारच्या कडुलिंबाची काडी दात घासायला घेतली तरी विचारून. मला राग आला. म्हणालो, "पोत्याला विचारतेस, आणि माझा संसार मात्र उचलून चाललीस."

"मी तर विचारूनच चाललेय," म्हणाली. खाली बघून डाळ निवडत राहिली.

पुंजाराम उगीच पाना शोधायला लागला.

२४ डिसेंबर

घात झाला! संतोषच्या भावानं हैदराबादहून पार्सल पाठवलं. कुठल्या नवाबाच्या मोडीत काढलेल्या मोटारीचा पंप – आमच्याच जातीचा, जवळजवळ नवा. वर तांब्याच्या नळीचं वेटोळं. बहिणीची दीक्षा म्हणून अख्खं हैदराबाद पालथं घातलं म्हणे. माझ्या लग्नात याच गृहस्थाला वेळेवर हार मिळाले नव्हते.

आई पार्सलाकडे बघून आत निघून गेल्या. संतोषनं सुतळी सोडून, गुंडाळून, जपून ठेवली. चेहऱ्यावर आनंद नाही, दुःख नाही. मी मात्र बघत होतो.

२९ डिसेंबर

कबूल करतो, कामाला हात लागला की मी दुसरं सगळं विसरतो. नळीत वाळू भरली म्हणजे वाकवताना ती चेपत नाही. मग गुडघ्यावर हळूहळू वाकवत टाकीपासून पंपापर्यंत आणली. जुन्या नळीच्या शेजारी धरली तर बाक हुबेहूब! पुंजाराम म्हणाला, "शेटजी, तुमी मारवाड्यात उगंच जल्मले."

जोडाला लाख लावायची असते. आमच्याकडे लाख चालत नाही, किडे मारून होते ती. तेलाचा साबण घासून बसवला. टिपूससुद्धा नाही!

मग पेट्रोल. जालन्याहून डबे आणलेत. डब्यात काय काय पडलेलं असतं, गाळल्याशिवाय टाकीत घालता येत नाही. मोटार आधी जहागीरदारांची, त्यांचा ड्रायव्हर मऊ कातड्यातून गाळायचा. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते हैदराबादला निघाले, तेव्हा वडिलांनी मोटार घेतली आणि पहिल्याच दिवशी ते कातडं फेकून दिलं. गाद्यांचं कातडंही सोलून वर ड्रिलचं कापड शिवलं. तेव्हापासून आईंच्या जुन्या लुगड्यातून गाळायचो. ते लुगडं आता कुठं सापडेना. संतोष म्हणाली, "पाण्याला वापरतो तसंच घ्या, घट्ट खादीचं, चौपदरी. पेट्रोलमधी मेलेले जीव असतात, जिवंतही एखादा असेल."

दुकानातून मी स्वतः ठाणातलं कोरं कापड फाडून आणलं. तिनं घडी घातली, नरसाळ्यावर धरली. मी ओततोय, ती धरतेय. लग्नात हातावर हात ठेवून पाणी सोडतात, ते का आठवलं कोण जाणे.

३ जानेवारी १९५८

सुरू झाली! पुंजारामनं हँडल मारलं, दोनदा खोकली आणि धडाडून चालली. शेजारीपाजारी धावले, आई दारात आल्या. मी ओरडलो – संतोष! बघ! अगदी लहान पोरासारखा.

ती बाहेर आली, आणि तिला पाहून मला कळलं की आपण काय केलं.

वेशीपर्यंत गेलो. तिथं फटफट करून बंद. पुंजारामनं आणि मोंढ्यातल्या चौघांनी ढकलत आणली. मी सुकाणू धरून बसलो होतो. मोटार बंद पडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

९ जानेवारी

पुन्हा तेच. सुरू होते, फर्लांगभर जाते, गुदमरते. पंप बरोबर, पडदा शाबूत, नळीला गळती नाही. मग अडतंय कुठं? आता खरंच डोकं तापलंय. बंद पडावी असं वाटतं, आणि का बंद पडते हे कळल्याशिवाय झोपही येत नाही. असला माणूस मी!

संतोषनं आज गाळायचं कापड धुतलं. वाळत घातल्यावर उजेडासमोर दोन्ही हातांत ताणून बराच वेळ बघत उभी होती. म्हटलं, जीव बघतेस काय? ती कापडाची घडी करून आत गेली.

१२ जानेवारी

संतोष म्हणाली, पेट्रोलचं कापड धुऊन पुन्हा वापरू नये, दर वेळी कोरंच द्या. म्हटलं बरं. दुकान आपलंच आहे. फाडून दिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला-घेतला. आईंचं रडणं चार-पाच दिवस थांबलंय. जेवायला वाढताना चक्क गुणगुणत होत्या. म्हातारं मन, लवकर सावरत असेल.

मोटार आज वेशीपर्यंतही गेली नाही. पुंजाराम म्हणाला, "हिला बाईसाबला न्यायचंच न्हाई. जनावराला कळतं शेटजी, मंग हिला का न्हाई कळणार?" मी त्याला गप्प बसवलं. पण बरं वाटलं ऐकून.

१७ जानेवारी

सापडलं.

पुंजाराम त्याच्या गावी गेला होता. घरातल्या बायका स्थानकात. मी एकटाच होतो. पंपाची वरची टोपी काढली, झडप उचलली, आणि तिच्याखाली पांढरा गोळा. बोटावर घेतला. कापूस! कापसाचे बारीक तंतू, पेट्रोलमध्ये भिजून गच्च बसलेले. नळीत फुंकर मारली तर आणखी निघाले.

कोऱ्या खादीचं तूस! तीस वर्षं आमच्या घरात कापड विकलं जातंय. गिऱ्हाइकाला रोज सांगतो, कोरं नेसू नका, आधी धुवा, तूस निघून जाऊ द्या. आणि स्वतः कोरंच फाडून, चौपदरी करून, त्यातून पेट्रोल गाळतोय! आईंचं लुगडं जुनं होतं, त्याचं तूस कधीच गेलेलं होतं. म्हणून तेव्हा मोटार चालायची.

आधी हसलो. मोठ्यानं हसलो, एकटाच. मग बसलो.

धुतलेलं कापड वापरलं, किंवा पितळेची जाळी लावली, की संपलं. वसंत पंचमीला मुहूर्त आहे. आठवडा राहिलाय.

झडप पुसली. टोपी होती तशी बसवली.

१८ जानेवारी

काही बोललो नाही.

२० जानेवारी

संतोषनं कोरं कापड मागितलं. मी दिलं.

२४ जानेवारी

वसंत पंचमी गेली. मोटार शेडमध्ये. जालन्याला तिच्या माहेरी निरोप धाडला, मोटार होत नाही. मला वाटलं होतं ती रडेल, निदान पायी निघते म्हणेल. म्हणाली, "फाल्गुनात तिजेला आहे मुहूर्त." आणि पोळ्या लाटायला लागली.

स्थानकात चारजणांनी माझं सांत्वन केलं. "सुरजमलजी, तुमची तर पराकाष्ठा आहे!" मी हात जोडले. दुसरं काय करणार?

३० जानेवारी

रोजचा क्रम ठरलाय. तिसऱ्या प्रहरी मी शेडमध्ये येतो. पंप उघडतो, पुसतो, लावतो. ती पोत्यावर बसते – पुंजारामला विचारून. सूर्य मावळायच्या आत जेवण असतं, तोवर बसते. हे काय, ते काय, विचारते. मी सांगतो. सात वर्षांत मी तिच्याशी इतकं बोललो नव्हतो. दुकान, वसुली, पाहुणे, आजारपणं – बोलणं असं कधी झालंच नाही. बायकोशी काय बोलायचं असतं, हे कुणी शिकवलंही नाही.

आज विचारलं, "पडदा थांबतो कधी?"

म्हटलं, "इंजिन थांबलं की."

"तवर खालीवर, खालीवर?"

"तोवर तेच."

तिनं मान हलवली. तिच्या मनात काय चाललं होतं ते कळलं नाही, पण विचारावंसं वाटलं. पूर्वी तसं वाटतही नसे.

५ फेब्रुवारी

ती म्हणाली, लग्नानंतर जालन्याहून या मोटारीतून येताना सगळी वाट तिला मळमळत होतं. पेट्रोलच्या वासानं. सासूबाई शेजारी, सांगायची भीती. पदराखाली लिंबाची फोड धरून बसली होती, मंठा येईपर्यंत ती सुकून गेली.

"सात वर्षांत कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं?"

खरं होतं. मी पान्याला तेल लावत बसलो.

मला खूप वाईट वाटलं आणि खूप बरंही वाटलं. हे दोन्ही एकदम होतं, हे मला या वयात कळतंय! संध्याकाळी जेवताना आपणहून म्हणालो, आमटी चांगली झालीय. आई माझ्याकडे बघतच राहिल्या.

११ फेब्रुवारी

आज संतोष हसली. तोंडावर पदर न घेता, पोट धरून!

मी तिला सांगितलं, त्याच प्रवासात मी पुढं पुंजारामशेजारी बसलो होतो आणि नवी नवरी दिसावी म्हणून त्याला आरसा फिरवायला लावला होता. त्यानं फिरवला. तर आरशात सबंध वाट आईंचा चेहरा! त्याही आरशातूनच माझ्याकडे बघत होत्या. वाटेत वाटूरला एकदा विचारलं, "सुरज, सारखं काय बघतोस? माझ्या तोंडाला काय लागलंय?" पुंजाराम शेडच्या बाहेर होता, तो तिथूनच ओरडला, "बाईसाब, मी आरसा वळवून वळवून थकलो व्हतो!"

ती हसत होती. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी तिच्याकडे पाहिलं आणि एकाएकी मला स्वतःची किळस आली.

हे हसणं माझं नाही. हे मी चोरलंय. वसंत पंचमीपासूनचा एकेक दिवस मी चोरलाय. पोत्यावर बसायला विचारणारी बाई ती, आणि तिच्याच आयुष्यातले दिवस तिला न विचारता काढून घेऊन मी मजेत बसलोय. वर तिच्याच हातानं कापड धरवतो! चोर दुसऱ्याच्या घरात शिरतो, मी माझ्याच घरात शिरलो.

ती उठून स्वयंपाकाला गेली.

१२ फेब्रुवारी

तांबटाकडून पितळेची बारीक जाळी आणली. पंप सोडला, दोन्ही नळ्या काढल्या, स्वच्छ पेट्रोलनं धुतल्या. टाकी रिकामी केली. गोळाच्या गोळा तूस निघालं. पुंजाराम म्हणाला, "आरं तिच्या! हे व्हतं व्हय!" मी वर बघितलं नाही.

संतोष नेहमीच्या वेळेला आली. हातात कोऱ्या कापडाची घडी. नरसाळ्यात जाळी बसवलेली तिनं पाहिली. मला वाटलं विचारेल – हे आधी का नाही सुचलं? काय उत्तर द्यायचं ते मी घोकून ठेवलं होतं. खरं तेच सांगणार होतो.

तिनं विचारलंच नाही. "झालं?" एवढंच म्हणाली.

"झालं."

मग घडी आणखी लहान केली, आणखी लहान केली आणि आत गेली. आज पोत्यावर बसली नाही.

१५ फेब्रुवारी

वाटूरपर्यंत जाऊन आलो. एकदाही बंद पडली नाही. आई कालपासून पुन्हा रडतायत.

२० फेब्रुवारी – जालना

सकाळी निघालो. सुकाणू माझ्या हातात, तसा शब्द होता. मागे आई आणि ती. लग्नातली चुनडी, सगळे दागिने – उद्याच्या वरघोड्याच्या मिरवणुकीपर्यंत तिनं नवरीसारखंच राहायचं असतं. पुंजाराम शेजारी.

वेस ओलांडली आणि पुंजारामनं हात वर करून आरसा वळवला. या वेळी बरोबर! आरशात तीच होती. तिनंही पाहिलं. तिच्या हातात लिंबाची फोड होती. पदराखाली नाही, उघडी.

मोटार इतकी सुरेख चालली की मला तिचा राग आला. एखादा जोड सुटावा, काहीतरी तुटावं, असं वाटत होतं. पण माझंच काम होतं ते. सुटणार कसं?

जालन्याचं पहिलं घर दिसलं तेव्हा ती म्हणाली, "सावकाश घ्या." मी सावकाश घेतली. मग आणखी सावकाश. बैलगाड्या आमच्या पुढं गेल्या.

२१ फेब्रुवारी

उठून उभा राहिलो. म्हणालो, "आज्ञा आहे." आवाज सगळ्यांना गेला असं म्हणतात.

मग ती आत गेली आणि पांढऱ्या वस्त्रांत बाहेर आली. केस नाहीत. पायांत काही नाही. यापुढं गाडी नाही, मोटार नाही, जायचं ते अनवाणी. तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात जीव हळूच बाजूला सारायचा लोकरीचा ओघा. सगळ्यांनी वंदना केली. मीही वाकलो. सात वर्षं रोज ती माझ्या पाया पडायची.

नावही नवं आहे. ते लिहायला हात उठत नाही. अजून.

२३ फेब्रुवारी

त्यांचा विहार अंबडच्या दिशेला झाला. वेशीपर्यंत सगळे चालत गेलो. खडी नवी पसरलेली, त्यांचा डावा पाय दुखत होता बहुतेक. मी काही म्हणू शकत नाही. आता 'तुम्ही' म्हणायचं, हात जोडून, लांबून. खासगी बोलणं नाही. काही विचारायचं असलं तर धर्माचं विचारायचं.

परत येताना पुंजारामनं चालवली. मी मागे बसलो. ड्रिलच्या कापडावर लिंबाची बी चिकटलेली होती.

१ मार्च

शेडला कुलूप घातलं.

४ मार्च

उद्या होळी. आई जुन्या पेटीतून एक गाठोडं घेऊन आल्या. खादीचे तुकडे. सगळे धुतलेले, घड्या घातलेले. म्हणाल्या, "सुनेनं ठेवलेत. दुकानात फडकी म्हणून चालतील का?"

मला राहवलं नाही. म्हणालो, आई, या कापडांनीच मोटार बंद पडत होती. मला महिनाभर ठाऊक होतं. मी बोललो नाही. मी चोरी केली.

आईंनी गाठोड्याची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "तिला तुझ्या आधी ठाऊक होतं रे. पहिलं कापड धुतलं तवाच तूस तिच्या हाताला लागलं. मला आणून दाखवलं. मी म्हटलं, सांग त्याला. तर म्हणली – ते तोंडानं मागायचे न्हाईत, आई. मीच देते थोडे दिवस. मंग कोरंच मागत गेली."

चोरले नव्हते. दिलेले होते!